बोअरचा पाईप

शाळेसमोरचा झेंड्याचा खांब
मूळचा खांब नव्हेच.
तो बोअरचा लोखंडी पाईप.
पाच सालांमागे, शिमग्याच्या रात्री गाडी आली,
नारळ फोडून चारशे फूट खाली गेली,
आणि पहाटेपर्यंत वर आला नुसता पांढरा फुफाटा.
लोक रुमाल तोंडाला लावून उभे,
लगीन मोडल्यावर मांडवात उभे राहतात तसे.

उरलेला पाईप मीच घासला,
रंग मारला, माथ्याला कप्पी बसवली.
मी उखर्डू. ग्रामपंचायतीचा पाणीवाला.
वर्षभर हातात व्हॉल्व्हची चावी,
दोन दिवस ही दोरी.

गुरुजींनी फरक सांगितलेला:
सव्वीस जानेवारीला झेंडा आधीच वर बांधलेला,
नुसता सोडायचा.
पंधरा ऑगस्टला तो खालून
ओढत न्यावा लागतो.
दरसाल. पुन्हा खालून.
गाठ अशी हवी की एका झटक्यात सुटेल,
आणि झटक्याआधी सुटणार नाही.
घडीत मी झेंडूच्या पाकळ्या ठेवतो,
चार-दोन हिरव्या मुगाच्या फुलांच्याही,
त्या कुणाला दिसत नाहीत.

माझ्या बापाला विहिरीची पायरी बंद होती.
तो हांडा खाली ठेवून लांब उभा राहायचा,
कुणाला दया आली तर वरून ओतायचं.
अर्धं हांड्यात, अर्धं मातीत.
आज अख्ख्या गावाच्या पाण्याची चावी
त्याच्या पोराच्या कमरेला.
हे झालंय.
हे कुणी माझ्यासमोर खोटं म्हणू नये.
(वरच्या आळीत एक म्हातारा अजून
पाणीपट्टीचे पैसे ओट्यावर ठेवतो,
हातात देत नाही.
मी पण पावती ओट्यावरच ठेवतो.)

घरोघर नळ बसले, निळे, चकचकीत.
रस्ता डांबरी झाला, टॉवर आला,
माझी पोरगी धुळ्याला नर्सिंग शिकते,
व्हिडिओवर मला नाडी मोजायला शिकवते.
आणि परवा एका नळाच्या तोटीत
कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं पाहिलं.
तिला ओली माती मिळाली कुठून,
मी अजून विचारात आहे.

इंदूबाई गिरासे, सरपंच, भाषणाला उठल्या.
दरसाल त्यांचा मालक बोलतो,
औंदा तो मागे छत्री धरून उभा.
कागदावर विकास होता, योजना होत्या,
तापीचं पाणी शेताशेतात होतं.
चौथ्या ओळीवर बाई अडखळल्या,
चष्मा काढला, कागदाची घडी केली,
म्हणाल्या, "बाकीनं तुम्हले माहीत शे,"
आणि खाली बसल्या.
एवढ्या टाळ्या मी या मैदानात ऐकल्या नव्हत्या.

बुंदी वाटताना दुसरीतली हर्षाली
मान मागे टाकून पाईपकडे बघत राहिली.
"काका, झेंडा वर चढस,
पानी काब चढस नही?"
मी म्हणालो, दोरी आहे ना त्याला.
ती म्हणाली, मंग पानीले बी बांध.
बुंदी संपेपर्यंत
तिची नजर माझ्या कमरेवर होती, चावीवर.

संध्याकाळी, सूर्य बुडायच्या आत,
झेंडा उतरवला, घडी करून कपाटात ठेवला.
रिकामी दोरी पाईपवर आपटत राहिली,
टण्. टण्.
कान लावला तर आत वारा बोलतो.
चारशे फुटांचा तो दुसरा पाईप, जमिनीतला,
तोही असंच काही बोलत असेल,
त्याला कान कोण लावणार.

मग खालच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडायला गेलो.
नवव्या दिवसाची पाळी त्यांची.
बाया हांडे मांडून बसलेल्या,
पोरांच्या छातीवर अजून कागदी झेंडे.
"पानी उनं का, उखर्डू?"
चावी फिरवली.

आधी हवा येते.
सू सू करत, तोटीतोटीतून,
बराच वेळ नुसती हवाच येते.
नवीन माणसाला वाटतं, संपलं.
मी हात चावीवरच ठेवतो.